बॉयलर मालकाचा, बिल भाडेकरूचे

एसेन, जर्मनी
रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,

मीनलचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत आपण फोनवर बोललो तेव्हा तुम्ही एक प्रश्न विचारला होतात आणि नेमका त्याच वेळी फोन तुटला. त्यानंतर दोनदा बोलणे झाले, पण आईच्या गुडघ्याच्या आणि दादाच्या बदलीच्या विषयांत तो प्रश्न मागेच राहिला. तुम्ही म्हणाला होतात, "युरोपातली माणसे आम्हाला कोळसा सोडा म्हणून सांगतात आणि स्वतःच्या दारात हवामानाचा कायदा आला की ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरतात. एवढ्या श्रीमंत देशात लोकांना परवडत नाही म्हणजे काय?" याचे उत्तर फोनवर धड देता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबणार आहे, तेव्हा चष्मा लावून सावकाश वाचावे.

सुरुवात आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरून करते. तेथे एक्याऐंशी वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. त्यांचे यजमान शेजारच्या बोट्रोप गावच्या कोळसा खाणीत कामाला होते. ते जाऊन आता बारा वर्षे झाली. आमची इमारत १९५७ सालची, तीन मजल्यांची आणि सहा बिऱ्हाडांची आहे. बाहेरून ती नीटनेटकी दिसते, पण भिंतींत उष्णता अडवणारा थर कसलाच नाही. तळघरात गॅसवर चालणारा एकच बॉयलर आहे आणि त्यात तापलेले पाणी नळ्यांतून सगळ्यांच्या खोल्यांमधल्या रेडिएटरांत फिरते. प्रत्येक रेडिएटरवर बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी बसवलेली आहे आणि तिच्यात निळ्या द्रवाची काचेची बारीक नळी आहे. रेडिएटर जितका तापेल तितका तो द्रव उडून जातो, आणि वर्षातून एकदा माणूस येऊन किती रेघा उतरल्या ते टिपून नेतो. कोणाच्या वाट्याला किती खर्च, हे पुढे बऱ्याच अंशी त्या रेघांवरून ठरते. नव्या घरांत हे काम आता यंत्रे दुरूनच करतात; आमच्याकडे अजून नळीच आहे.

आजी फक्त स्वयंपाकघर तापवतात. दिवसभर त्या तिथेच बसतात, तिथेच विणकाम करतात आणि तिथेच रेडिओ ऐकतात. झोपायच्या खोलीतला रेडिएटर त्या बंद ठेवतात, त्यामुळे उत्तरेकडच्या कोपऱ्यात दर हिवाळ्याला काळी बुरशी धरते, आणि ती त्या दर शनिवारी स्पिरिटच्या फडक्याने पुसून काढतात. बुरशी धरू नये म्हणून इथे दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडाव्यात असा दंडक आहे. पैसे मोजून तापवलेली हवा आपल्याच हाताने बाहेर सोडायची, हे मला पहिल्या वर्षी वेडेपणाचे वाटले होते. आता मीही मुकाट्याने खिडक्या उघडते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २०२४ सालचे हिटिंगचे वार्षिक बिल आले. आजींना बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून त्यांनी मला खाली बोलावले आणि चार पानांचा तो कागद आम्ही दोघींनी कॉफी पीत वाचून काढला. त्यात कार्बन डायऑक्साइडच्या खर्चाची एक वेगळी ओळ असते, आणि तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ओळीत आहे. पेट्रोल, डिझेल आणि घर तापवण्याचा गॅस यांच्या जळण्यातून जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याच्या प्रत्येक टनाला येथे जानेवारी २०२१ पासून दर लावलेला आहे. पहिल्या वर्षी तो टनाला २५ युरो होता, २०२४ मध्ये ४५ झाला, गेल्या वर्षी ५५, आणि यंदा तो ५५ ते ६५ युरोंच्या दरम्यान लिलावात ठरणार आहे. हा दर इंधन विकणाऱ्याकडून घेतला जातो आणि तो अर्थातच पुढे ग्राहकाच्या बिलात उतरतो. त्यामागचा विचार सरळ आहे: धूर फुकट सोडता येत असेल तोपर्यंत माणूस तो सोडत राहतो, त्याची किंमत द्यावी लागली की तो हात आखडता घेतो आणि पुढेमागे दुसरे साधन शोधतो.

विचार मला मान्य आहे. अडचण वेगळीच आहे. माझ्या साठ चौरस मीटरच्या घराला वर्षाला साधारण १२,००० युनिट उष्णता लागते, म्हणजे गॅसच्या हिशेबाने सुमारे २.२ टन कार्बन डायऑक्साइड. टनाला ४५ युरो धरले तर ९९ युरो आणि वर कर. मी रेडिएटर एका आकड्याने खाली आणू शकते, अंगात स्वेटर घालू शकते, आणि तेवढे मी करतेच. पण तळघरातला बॉयलर बदलणे माझ्या हातात नाही, भिंतींना थर चढवणे नाही आणि खिडक्यांच्या काचा बदलणेही नाही. हे सगळे घरमालकाच्या हातात आहे, आणि घरमालकाला बदलण्याची घाई असण्याचे कारण नव्हते, कारण बिल तो भरतच नव्हता. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात आणि जवळपास निम्मी घरे गॅसवर तापतात. म्हणजे किमतीचा चिमटा ज्याला बसतो त्याला हलता येत नाही, आणि ज्याला हलता येते त्याला चिमटा बसत नाही.

हे सरकारच्या ध्यानात आले नाही असे नाही, आणि त्यांनी केलेला उपाय मला मनापासून आवडला, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते. जानेवारी २०२३ पासून एक कायदा लागू झाला. त्याप्रमाणे इमारतीत वर्षाला चौरस मीटरमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड निघतो ते मोजतात आणि त्यावरून मालक व भाडेकरू यांची वाटणी दहा पायऱ्यांनी ठरते. घर उत्तम असेल, म्हणजे बारा किलोंपेक्षा कमी, तर सगळा खर्च भाडेकरूचा, कारण उरलेला धूर त्याच्या सवयींमुळेच निघतो. घर अगदी गळके असेल, म्हणजे बावन्न किलो किंवा त्याहून अधिक, तर ९५ टक्के मालकाचे. आमच्या इमारतीचा आकडा छत्तीस किलो आहे, म्हणून आमच्यात निम्मे-निम्मे. आजींना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी त्या ओळीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाल्या, हा कायदा करणाऱ्याने कधीतरी भाड्याच्या घरात हिवाळा काढलेला असावा.

रक्कम लहान आहे, हे मी मान्य करते. बिलाचा मोठा भाग कार्बनच्या दराचा नसून गॅसचाच आहे, आणि तो वाढला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यामुळे. युद्धाच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाकडून येत होता. युद्धानंतर दर एवढे भडकले की २०२३ मध्ये सरकारला घरगुती वापराच्या ८० टक्के भागापुरता युनिटला १२ सेंट असा कमाल दर ठरवून वरची रक्कम तिजोरीतून भरावी लागली. इथल्या काही पुढाऱ्यांनी मात्र या महागाईचे खापर सरसकट हवामानाच्या धोरणावर फोडले, आणि बिल हातात धरलेल्या माणसाला ते खरेही वाटते, कारण युद्धाची ओळ बिलात कोठेही छापलेली नसते आणि कार्बनची असते.

आता या गोष्टीचा दुसरा अंक ऐका. बिलापाठोपाठ, डिसेंबरातच, आमच्या घरमालक कंपनीची नोटीस आली. वसंतात इमारतीला परांची लागणार, बाहेरून सगळ्या भिंतींना थर चढणार आणि खिडक्या नव्या बसणार. पृथ्वीच्या दृष्टीने यापेक्षा चांगले काम नाही. पण कायद्याप्रमाणे अशा सुधारणेच्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षी भाड्यात चढवता येतात, आणि खर्च वसूल झाला म्हणून ते पुन्हा उतरत नाहीत. बिऱ्हाडामागे पंचवीस हजार युरो खर्च दाखवला आहे. त्याचे ८ टक्के म्हणजे वर्षाला दोन हजार, महिन्याला १६७ युरो. यालाही मर्यादा आहे: सहा वर्षांत चौरस मीटरला तीन युरोंपेक्षा जास्त वाढ करता येत नाही, आणि मूळ भाडे सात युरोंच्या खाली असेल तर दोन युरोंपेक्षा जास्त नाही. आजी त्या घरात पन्नास वर्षे आहेत, त्यांचे भाडे चौरस मीटरला ६ युरो ४० सेंट आहे, म्हणून त्यांची वाढ महिन्याला १२० युरोंवर थांबते. मी मागाहून आलेली, माझे भाडे जास्त, म्हणून मला पूर्ण १६७.

कागदाच्या पाठीवर आम्ही हिशेब मांडला. आजी आधीच काटकसरीने राहतात, त्यांना वर्षाला फार तर आठ हजार युनिट लागतात. नव्या भिंतींमुळे त्यातले निम्मे वाचले असे धरले तरी महिन्याला पस्तीस-चाळीस युरो वाचतील. म्हणजे चाळीस वाचवण्यासाठी एकशेवीस भरायचे, तेही सुमारे साडेतेराशे युरोंच्या पेन्शनमधून. घर उबदार होईल, बुरशी जाईल, हे त्यांनाही कळते. त्या एवढेच म्हणाल्या, "उबदार घराची मला गरज आहे, पण त्यात राहायला परवडले पाहिजे ना?" भाड्यासाठी सरकारी साहाय्याची योजना आहे आणि २०२३ पासून ती बरीच वाढवली आहे. अर्ज करा असे मी दोन वर्षे सांगते आहे, पण आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, आता काय पसरू, हे त्यांचे ठरलेले उत्तर. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे उत्तर याहून वेगळे असते का?

आजींना हवामान बदलाची थट्टा वाटते असे कृपा करून समजू नका. २०२१ च्या जुलैत येथून दीड-दोन तासांवरच्या आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पूर आला आणि एकशेतीसहून अधिक माणसे गेली. आजींची एक मैत्रीण त्या खोऱ्यात राहते; तिचे घर पहिल्या मजल्यापर्यंत चिखलाने भरले होते. त्यामुळे काही केले पाहिजे याबद्दल या घरात दुमत नाही. दुमत आहे ते कोणी, किती आणि कोणाच्या आधी करायचे याबद्दल.

ज्याचे स्वतःचे घर आहे त्याची कथा वेगळी, पण तीही ऐकण्यासारखी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीअखेर सरकारच्या एका नव्या कायद्याचा कच्चा मसुदा वर्तमानपत्राच्या हाती लागला. यापुढे बसवलेली प्रत्येक नवी हिटिंग यंत्रणा किमान ६५ टक्के अक्षय ऊर्जेवर चालली पाहिजे, तेही २०२४ पासूनच, असा त्याचा गाभा होता. व्यवहारात त्याचा अर्थ बहुतेकांसाठी हीट पंप. हीट पंप म्हणजे आपल्या फ्रिजसारखेच यंत्र, फक्त उलट्या दिशेने चालणारे: बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून घरात आणते. यंत्र चांगले आहे, पण जुन्या घरात ते बसवायला वीस-तीस हजार युरो सहज लागतात. मसुदा फुटला तेव्हा अनुदान किती मिळणार हे ठरलेलेच नव्हते. एका खपाऊ वर्तमानपत्राने त्याला 'हिटिंगचा हातोडा' असे नाव दिले आणि तो शब्द महिनोन्महिने गाजत राहिला. ज्यांचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला होता, त्यांनी कायदा येण्याच्या आत नवा गॅस बॉयलर बसवून घेण्यासाठी झुंबड उडवली. म्हणजे कायद्याने जे थांबवायचे होते तेच कायद्याच्या भीतीने वाढले. संसदेत घाई एवढी झाली की जुलैत घटनात्मक न्यायालयाने खासदारांना वाचायला पुरेसा वेळ मिळाला नाही म्हणून मतदान थांबवले, आणि कायदा सप्टेंबरात मंजूर झाला.

मंजूर झालेला कायदा मूळ मसुद्यापेक्षा पुष्कळ शहाणा होता, ही यातली खरी चुटपुट. चालू बॉयलर काढायला सहसा कोणी सांगत नाही. जुन्या वस्त्यांसाठी नियम तेव्हाच लागू होतो जेव्हा त्या शहराने कोठे सामूहिक उष्णतेचे, म्हणजे एका ठिकाणी तापवलेले पाणी घरोघर नेणारे, नळ येणार आणि कोठे नाही याचा आराखडा केलेला असेल. एक लाखाहून मोठ्या शहरांना त्यासाठी यंदाच्या जूनअखेरची मुदत आहे. अनुदान तर उदार आहे: सर्वांना ३० टक्के, जुना बॉयलर लवकर काढणाऱ्याला आणखी २०, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या ज्या कुटुंबाचे करपात्र उत्पन्न वर्षाला ४०,००० युरोंपर्यंत आहे त्याला आणखी ३०. सगळे मिळून ७० टक्क्यांवर थांबते आणि तीस हजारांपर्यंतचाच खर्च धरतात, म्हणजे जास्तीत जास्त २१,००० युरो हातात पडतात. हे आधी सांगितले असते आणि सक्ती नंतर, तर इतका गहजब झाला नसता असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे लग्न ठरवतानाही देण्याघेण्याचे आधी बोलतात आणि मुहूर्त मागाहून काढतात. आता नवे सरकार आले आहे आणि त्यांनी तो कायदाच रद्द करून दुसरा आणण्याचे जाहीर केले आहे. त्यामुळे ज्याने बॉयलर बदलायचा तो पुन्हा थांबून बसला आहे.

ट्रॅक्टरांचेही सांगते, कारण तुमच्या मनात तेच चित्र आहे. ते आंदोलन हवामानाच्या कायद्याविरुद्ध नव्हतेच म्हटले तरी चालेल. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घटनात्मक न्यायालयाने, करोनासाठी मंजूर झालेल्या कर्जाचे ६० अब्ज युरो हवामान निधीकडे वळवणे घटनाबाह्य ठरवले. अंदाजपत्रकाला एका दिवसात भगदाड पडले. ते बुजवण्यासाठी सरकारने चार आठवड्यांत हाताला लागेल ते कापले: विजेच्या मोटारींचे अनुदान शनिवारी जाहीर करून रविवारी रात्री बंद केले, आणि शेतीच्या डिझेलवरची लिटरला सुमारे २१ सेंटची सूट काढायचे ठरवले. शेतकऱ्याला विजेवर चालणारा मोठा ट्रॅक्टर बाजारात मिळत नाही, त्यामुळे ही सूट काढून धूर कमी होण्यासारखा नव्हता. खिशातून पैसे तेवढे जाणार होते. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे हजारो ट्रॅक्टर उभे राहिले. सूट पुढे टप्प्याटप्प्याने काढण्यावर निभावले. त्या शेतकऱ्यांचे सगळेच म्हणणे मला पटत नाही, पण या एका बाबतीत त्यांची चूक मला दिसत नाही.

फ्रान्समध्ये हेच पाच वर्षे आधी, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील पिवळ्या जाकिटांचे आंदोलन तुम्ही तेव्हा दूरदर्शनवर पाहिले असेल. तेथे कार्बनचा कर २०१८ मध्ये टनाला ४४ युरो ६० सेंट होता आणि पुढच्या वर्षी ५५ व्हायचा होता. पॅरिसमध्ये मेट्रोने फिरणाऱ्याला त्याचे काही वाटले नाही. पण ज्या गावातली शाळा, पोस्ट आणि रेल्वे एकामागून एक बंद झाली आणि जिथल्या माणसाला रोज तीस-चाळीस किलोमीटर मोटारीने कामावर जावे लागते, त्याला डिझेलचा प्रत्येक सेंट लागला. त्याच वर्षी सरकारने श्रीमंतांवरचा संपत्तीकर कमी करून तो केवळ स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता, आणि विमानाच्या इंधनावर तर कर नव्हताच. युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांचे इंधन आजही करमुक्त आहे. कामावर जाणाऱ्याच्या डिझेलला कर आणि सहलीला उडणाऱ्याच्या विमानाला माफी, ही गोष्ट समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. "तुम्ही जगाच्या अंताचे बोलता, आम्हाला महिन्याच्या अंताची चिंता आहे," असे ते लोक म्हणत. १७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालेल्या त्या आंदोलनाने करवाढ थांबवली आणि तो दर आजतागायत तिथेच अडकून पडला आहे. म्हणजे गरिबाचे नुकसान वाचले, पण धुराचेही काही झाले नाही. दोन्हींकडून हात रिकामे.

मग करायचे काय, असे तुम्ही विचाराल. सर्वांत साधा उपाय कागदावर फार वर्षे आहे: कर घ्यावा, पण जमलेला पैसा माणशी समान वाटून परत द्यावा. मोठे घर, दोन मोटारी आणि वर्षाला तीन विमानप्रवास असणारा माणूस कर जास्त भरतो, त्याला परतीची रक्कम अपुरी पडते. आजींसारख्या माणसाला उलट चार पैसे शिल्लक राहतात. शेजारच्या ऑस्ट्रियाने हे २०२२ पासून करून दाखवले. २०२४ मध्ये तेथे मोठ्या माणसाला १४५ ते २९० युरो मिळाले. ज्याच्या गावात बस-रेल्वे चांगली त्याला कमी, ज्याच्या गावात नाही त्याला जास्त. मला ही कल्पना फारच आवडली होती. आणि २०२५ मध्ये तूट भरून काढायला तेथल्या सरकारने काय केले असेल? वाटप बंद केले आणि कर तेवढा चालू ठेवला. जर्मनीत तर २०२१ च्या सरकारने असे माणशी वाटप करण्याचे लेखी वचन दिले होते; ते सरकार पडेपर्यंत एक युरोही कोणाच्या खात्यात आला नाही. अशा दोन-तीन गोष्टी झाल्या की पुढच्या वेळी "पैसे परत देऊ" म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

हे सगळे मी आज लिहीत आहे कारण पुढची पायरी त्याहून मोठी आहे. युरोपीय संघाने २०५० पर्यंत हवेत जाणारा आपला कार्बनचा निव्वळ भार शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत १९९० च्या मानाने किमान ५५ टक्के कपात करण्याचे कायद्याने ठरवले आहे. कारखाने आणि वीजकेंद्रे यांच्यासाठी कार्बनचा बाजार, म्हणजे धूर सोडायचे परवाने विकत घेण्याची व्यवस्था, २००५ पासून आहेच. आता तशीच व्यवस्था घराच्या हिटिंगला आणि मोटारीच्या इंधनाला सगळ्या संघात लागू व्हायची आहे. ती २०२७ ला येणार होती. ती एक वर्ष पुढे, २०२८ वर ढकलायचे गेल्या वर्षाच्या अखेरीला ठरले. सोबत २०३२ पर्यंत सुमारे ८७ अब्ज युरोंचा एक सामाजिक निधीही ठेवला आहे, गरीब घरांच्या भिंती, बॉयलर आणि प्रवास यांच्यासाठी. जर्मनीत आम्हाला या दराची सवय झाली आहे. बल्गेरियात किंवा पोलंडच्या खेड्यांत, जिथे अजून घरात कोळसा जाळतात आणि पगार इथल्या मानाने पुष्कळ कमी आहेत, तिथे तोच टन त्याच किमतीला विकत घ्यावा लागणार. निधी आधी पोचतो की बिल आधी पोचते, यावर तिथले सगळे अवलंबून राहील.

तुमच्या प्रश्नात कोळसा होता आणि तुम्ही छत्तीस वर्षे बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत काढलीत, म्हणून त्याबद्दल लिहिल्याशिवाय पत्र पुरे व्हायचे नाही. मी राहते तो रूरचा प्रदेश म्हणजे जर्मनीचे चंद्रपूर, फक्त बरेच आधी सुरू झालेले. १९६१ मध्ये विली ब्रांट यांनी, जे पुढे जर्मनीचे चान्सलर म्हणजे सरकारप्रमुख झाले, निवडणुकीच्या प्रचारात "रूरवरचे आकाश पुन्हा निळे झाले पाहिजे" असे म्हटले तेव्हा लोक हसले होते, असे आजी सांगतात. त्या काळी दोरीवर वाळत घातलेल्या चादरी संध्याकाळी काळपट होऊन घरात येत. आज आकाश खरेच निळे आहे. २०१७ सालासाठी तर एसेनला युरोपची हरित राजधानी म्हणून निवडले होते. पण हे एका फर्मानाने झाले नाही. दगडी कोळशाच्या खाणींचे अनुदान बंद करायचा निर्णय २००७ मध्ये झाला आणि शेवटची खाण, बोट्रोपची, २१ डिसेंबर २०१८ ला मिटली. मधली अकरा वर्षे माणसांना सामावून घेण्यासाठी होती: वय झालेल्यांना लवकर पेन्शन, तरुणांना दुसरे शिक्षण किंवा दुसऱ्या खाणीत बदली, आणि कोणालाही एकदम घरी पाठवायचे नाही हा करार. आजींचे यजमान त्याच्याही आधी, पन्नाशीच्या आसपास, असेच पेन्शनवर आले. यात अतोनात पैसा गेला आणि तोट्यातल्या खाणी वर्षानुवर्षे सरकारी पैशाने चालवल्या गेल्या, हेही खरे आहे. इतका वेळ आता हवामान कोणाला देणार नाही आणि इतका पैसा चंद्रपूरला कोणी देणार नाही. तरीही आम्हाला कोळसा सोडा म्हणणाऱ्यांना हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे की, तुम्ही तुमच्या खाणकामगारांसाठी जे केलेत त्यातले आमच्या कामगारांसाठी काय करता?

आणखी एक गोष्ट. खाणी मिटल्या तरी इथे पाण्याचे पंप कधीच बंद होणार नाहीत. खाली कोळसा काढल्यामुळे या शहराचे काही भाग वीस मीटरहून अधिक खचलेले आहेत, आणि पाणी उपसले नाही तर त्यांचे तळे होईल. त्या उपशाचा कायमचा खर्च भागवण्यासाठी खाण कंपनीच्या इतर उद्योगांच्या पैशातून एक विश्वस्त संस्था उभी केलेली आहे. २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस या कोळसा खाणींच्या गावी एक घर अचानक जमिनीत गेले होते; हा पंपांचा आवाज ऐकताना मला ते नेहमी आठवते.

लहानसहान चांगल्या गोष्टीही घडतात. महिन्याच्या एका पासावर देशभरच्या बसगाड्या आणि साध्या रेल्वेगाड्या वापरता येतात. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, गेल्या वर्षी ५८ झाला आणि या महिन्यापासून ६३ आहे. मला तो अजून परवडतो. माझ्या बाल्कनीच्या कठड्याला मी दोन सौर पट्ट्या लावल्या आहेत. ८०० वॉटपर्यंतचे असे संच आपण साध्या प्लगला जोडू शकतो, त्यावर मूल्यवर्धित कर नाही, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून घरमालकाला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. उन्हाळ्यात फ्रिज आणि संगणक त्यावरच चालतात. काल धुके होते. दिवसभरात अकरा वॉट-तास वीज झाली, म्हणजे दिवाणखान्यातला दिवा तासाभरापुरता. आजींनी येऊन आकडा पाहिला आणि हे यंत्रही पेन्शनवर आले आहे का असे विचारले.

आता त्या नोटिशीचे. भाडेवाढ पेलवत नसेल तर नोटीस मिळाल्यापासून पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भाडेकरूला तसे लेखी कळवता येते, आणि मग मिळकत पाहून वाढ माफ होऊ शकते. म्हणजे ३१ जानेवारी. गेल्या रविवारी आजींना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी हात पसरण्याचे तेच उत्तर दिले. हे हात पसरणे नव्हे, हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि या भिंतींतून पन्नास वर्षे जी उष्णता बाहेर गेली तिचे पैसे तुम्हीच भरले आहेत, असे मी म्हणाले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. काल सकाळी दाराच्या फटीतून त्यांनी पेन्शनच्या कागदांचा लिफाफा सरकवला. वर नुसते "तुझ्या हिशेबासाठी" असे लिहिले होते. भाडेकरू संघाच्या कार्यालयात गुरुवारी साडेचारची वेळ मिळाली आहे. बुधवारी संक्रांत, म्हणून आईने पाठवलेल्या तिळाच्या वड्या घेऊन खाली जाईन आणि त्याच बैठकीत अर्जावर त्यांची सही घेईन.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना आठवण. गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते कळवावे.

तुमची,
मीनल